मारूनही न मारणारा (गीता 18.17)



आजचा श्लोक पचायला जड आहे. भगवंत म्हणतात, ज्याच्या ठायी 'मी करतो' हा भाव नाही, ज्याची बुद्धी कशाला चिकटत नाही, त्याने या लोकांना मारलं तरी तो मारत नाही आणि बांधलाही जात नाही. पारायणात आपण तो भरभर म्हणून पुढे जातो. चिंचवडच्या माणसाला मात्र इथं थांबावं लागतं. आमच्या चौकाला चापेकरांचं नाव आहे.

1897 साली पुण्यात प्लेग होता. प्लेग समितीचा प्रमुख रँड. तपासणीच्या नावाखाली गोरे सोल्जर घरात शिरत, पार देवघरापर्यंत. दाद कुठे मागायची? गोखल्यांनी इंग्लंडमध्ये तोंड उघडलं, पण पुरावा उभा राहिला नाही आणि परतल्यावर त्यांना माफी मागावी लागली. त्याच वर्षी जूनमध्ये शिवाजी उत्सवात टिळक अफझलखानाच्या वधावर बोलले. फळाची इच्छा न धरता केलेल्या कर्माचा दोष लागत नाही, हा गीतेचा आधार त्यांनी दिला. 15 जूनच्या 'केसरी'त ते छापून आलं (पुढे राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना 18 महिन्यांची शिक्षा झाली). 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीतला राणीच्या राज्यारोहणाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर दामोदरपंतांनी गोळी झाडली. तो 3 जुलैला मेला. बाळकृष्णपंतांच्या गोळीने लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला. 1899 च्या फेब्रुवारीत खबर देणाऱ्या द्रविड बंधूंनाही मारलं. शेवटी तिन्ही चापेकर भाऊ आणि महादेव रानडे फासावर गेले.

आता हा श्लोक त्यांना लावायचा का?

मागचे श्लोक सोडून सतरावा वाचू नये. चौदाव्यात कर्माची पाच कारणं येतात: अधिष्ठान, कर्ता, साधनं, हालचाली आणि दैव. सोळावा सांगतो, एवढं असून जो स्वतःलाच कर्ता समजतो त्याला काही दिसत नाही. म्हणजे सतरावा श्लोक 'मी' गळून पडलेल्या माणसाचं वर्णन करतो. तो परवाना नाही. आमच्या कामात कोड लिहिणाऱ्याने स्वतःच तो पास करायचा नसतो, दुसऱ्याने तपासायचा असतो. 'माझा अहंकार गेला' हे तर स्वतः ठरवायचं कामच नव्हे.

दामोदरपंतांनी तुरुंगात आत्मवृत्त लिहिलं. त्यात मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचं आहे, सुधारकांवर केलेले हल्लेही आहेत. राग आहे, अभिमान आहे. माणूस म्हणून तो मला खरा वाटतो. धाडस तर विचारूच नका. पण अलिप्त? तसं मला म्हणवत नाही.

शास्त्रात 'आततायी' हा शब्द आहे. शस्त्र उगारून अंगावर येणारा, घराला आग लावणारा. त्याला मारण्यात दोष नाही असं स्मृती सांगते, आणि स्वसंरक्षणाचा हक्क आजचा कायदाही देतो. इथपर्यंत माझी काही अडचण नाही. पण गंमत बघा, पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना आततायीच म्हणतो आणि तरी म्हणतो, यांना मारून आपल्याला पापच लागेल. भगवंत ज्याच्याशी बोलतात तो हा माणूस आहे, धनुष्य खाली टाकून बसलेला. आधी मारायचं ठरवून मग श्लोक शोधणारा नव्हे. गांधीजींनी हीच गीता वाचून म्हटलं की अहिंसा पूर्ण पाळल्याशिवाय पूर्ण अनासक्ती येत नाही.

चौकातून जाताना मी चापेकरांना हात जोडतो आणि जोडत राहीन. रँडचा जुलूम खोटा नव्हता. पण आयर्स्टचा त्या तपासणीशी संबंध नव्हता, आणि त्याच्या मरणाचा हिशेब या श्लोकात मला मांडता येत नाही.

उद्या अठरावा श्लोक, ज्ञान-ज्ञेय-ज्ञाता. राम कृष्ण हरी.