नाव ठेवा, नावे ठेवू नका!



नोबेल पारितोषिक तुम्हाला ठाऊक आहे. पण ‘इग नोबेल’ ऐकले आहे का? इंग्रजीत ‘इग्नोबल’ म्हणजे हलक्या प्रतीचा; त्यावरून हे गमतीचे नाव पडले. १९९१ साली अमेरिकेत मार्क अब्राहम्स या संपादकांनी ही बक्षिसे सुरू केली. जे संशोधन ऐकून माणूस आधी हसतो आणि मग विचारात पडतो, त्याला हे बक्षीस मिळते. समारंभात लोक कागदी विमाने उडवतात. भाषण लांबले की एक आठ वर्षांची मुलगी पुढे येऊन, “बास करा, मला कंटाळा आला!” असे म्हणत राही. पंधरा ऑगस्टला आपल्याकडेही अशी मुलगी हवी, असे कुणीतरी मनात म्हटले, ते मला ऐकू आले बरं का!

आता काही नमुने पाहू.

गाईचे नाव : इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी ५१६ गोपालकांना प्रश्न विचारले. ज्या गोठ्यात गाईंना नावे होती, तिथे एका वेतात गाईमागे सुमारे २५८ लिटर दूध जास्त निघे. बक्षीस २००९ साली मिळाले. नुसत्या नावाने दूध वाढत नाही हो! जो नावाने हाक मारतो, तो जनावराकडे लक्षही देतो.

हत्तीची कातडी : केरळच्या कृषी विद्यापीठातील दोघांनी हत्तीची उंची आणि पुढच्या पायाचा घेर यांवरून कातडीचे क्षेत्रफळ काढण्याचे सूत्र दिले (बक्षीस २००२). क्षेत्रफळाचे गणित कशाला, असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

डास आणि पाय : हिवताप पसरवणारी डासाची मादी माणसाच्या पायांच्या वासाकडे जाते, तशीच एका उग्र वासाच्या चीजकडेही जाते, असे आढळले (बक्षीस २००६). डासाला काय आवडते हे कळले, की त्याला सापळ्यात ओढता येते.

तरंगता बेडूक : आंद्रे गाइम यांनी अतिशय जोरदार चुंबकाच्या बळावर जिवंत बेडूक अधांतरी तरंगवला. दोरी नाही, काही नाही! बेडकाच्या अंगात पाणी पुष्कळ, आणि पाण्याला चुंबक किंचित दूर लोटते. २००० साली त्यांना आणि मायकेल बेरी यांना इग नोबेल मिळाले. पुढे गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी ग्राफाइटला, म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असते त्या पदार्थाला, चिकटपट्टी लावून थर सोलले. एका अणूइतका पातळ थर हाती आला. त्याला ग्राफिन म्हणतात. त्यावरील कामाबद्दल दोघांना २०१० साली खरे नोबेल मिळाले!

परवा चौथीत एकाने मला विचारले, “गुरुजी, मुंगी झाडावरून पडली तर तिला लागत का नाही?” सगळा वर्ग खो खो हसला. तो बिचारा मान खाली घालून बसला. अरे, प्रश्न फक्कड होता! मुंगी इतकी हलकी असते, की हवाच तिचा वेग वाढू देत नाही. हसणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होते?

करून पाहा : तुमची गाय किंवा शेळी दिवसातून किती वेळा पाणी पिते? आठ दिवस मोजा. ऊन किती होते तेही वहीत लिहा. काय दिसते ते वर्गात सांगा.

हसू आले तर खुशाल हसा. पण प्रश्न विचारणाऱ्याला हसू नका. गाईला नाव ठेवावे, प्रश्नाला नावे ठेवू नयेत.