चाबूकस्वाराची विद्या

मार्गशीर्ष सरत आला, की यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या रानांत कापसाची वेचणी ऐन भरात असते. याच सुमारास पैनगंगेपलीकडे, नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात, माळेगाव येथे खंडोबाची यात्रा भरते. ही यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. समजा, पुसदकडील एका शेतकऱ्याने या बाजारात एक तरुण घोडा पसंत केला. त्याने घोड्याचे ओठ वर करून दात पाहिले. कारण घोड्याचे दुधाचे पुढचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडू लागतात आणि पाचव्या वर्षी त्यांच्या जागी पक्के दात आलेले असतात. त्याने खूर उचलून पाहिले, चाल पाहिली, पैसे मोजले आणि दावे हाती घेतले. व्यवहार पुरा झाला. घोडा शेतकऱ्याचा झाला. पण मुलांनो, शेतकरी घोड्याचा झाला काय?

या प्रश्नाचे उत्तर पैशाने मिळत नाही. ते मिळवून देणारी एक जुनी विद्या आहे. नव्या, न शिकलेल्या घोड्याला स्वारीयोग्य करणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत 'चाबूकस्वार' म्हणतात. त्याच्या नावात चाबूक आहे खरा; परंतु त्याचे कौशल्य चाबूक किती वेळा उगारला यावरून मोजीत नाहीत, तर चाबूक उगारण्याची वेळ किती क्वचित आली यावरून मोजतात. हे कसे, ते आता पाहू.

प्रथम घोड्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. घोडा गवत खाणारा प्राणी आहे. त्याला शिंगे नाहीत, सुळ्यांचा धाक नाही. वाघ-लांडग्यांपासून त्याच्या पूर्वजांचा बचाव झाला तो पायांतील वेगामुळे. म्हणून अनोळखी वस्तू दिसली, की आधी पळावे आणि मग पाहावे, ही त्याची उपजत रीत आहे. आपण तिला भित्रेपणा म्हणतो. त्याच्या दृष्टीने ती शहाणपणाची रीत होय. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळविता त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. मात्र पाठीमागचे आणि अगदी नाकासमोरचे दिसत नाही. मागून मुकाट्याने जाणाऱ्याला घोडा लाथ झाडतो, ती दुष्टपणाने नव्हे. कोण आले, हे त्याला कळतच नाही! म्हणून जाणता मनुष्य घोड्याजवळ नेहमी खांद्याच्या बाजूने आणि आवाज देत जातो. घोड्याचे कान तर त्याच्या मनाचा आरसाच असतात. कान पुढे टवकारले, तर त्याचे लक्ष समोर लागले आहे. कान मागे चापून बसविले, तर तो रागावला आहे. ज्याला कानांची ही भाषा वाचता येत नाही, त्याने खोगिराला हात लावू नये.

नवा घोडा घरी आला, की पहिले काही दिवस त्याला काहीच शिकवायचे नसते. त्याचा कळप सुटलेला असतो. वास, पाणी, माणसे, सर्वच परके असते. त्याला कोरड्या, हवेशीर जागी थान द्यावे. चारा आणि पाणी ठरलेल्या वेळी आणि शक्य तोवर एकाच माणसाने द्यावे. चंदी, म्हणजे हरभऱ्यासारखे धान्य, एकदम वाढवू नये. घोड्याचे पोट नाजूक असते आणि अचानक खाणे बदलले, तर पोटशूळ उठून तो प्राणासही मुकतो. रोज सकाळी खरारा करावा. खराऱ्याने केवळ धूळ निघते असे नाही. हात फिरता फिरता मानेपासून खुरांपर्यंत माणसाच्या स्पर्शाची भीती निघून जाते. एके दिवशी पावलांची चाहूल लागताच घोडा खिंकाळतो आणि मान पुढे करतो. तो दिवस पहिल्या धड्याचा समजावा.

पहिला धडा जमिनीवरचा असतो. घोड्याला म्होरकी चढवून लांब दोरीने आपल्याभोवती वर्तुळात चालवितात, मग दुडकीने पळवितात. थोडा वेळ उजवीकडून, थोडा वेळ डावीकडून. याला घोड्यास 'कावा देणे' असे म्हणतात. 'कावा' हा शब्द आज आपण डावपेच या अर्थाने वापरतो. घोडेस्वारांच्या भाषेत तो घोड्याच्या वर्तुळाकार फेरीचा शब्द आहे. या फेऱ्यांत घोडा माणसाचा आवाज ओळखू लागतो, 'चल' आणि 'थांब' यांतील भेद शिकतो.

फेऱ्यांची ही पद्धत किती प्राचीन आहे, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. आजच्या तुर्कस्तानात बोगाझकोय येथे हित्ती लोकांची प्राचीन राजधानी होती. तेथे १९०६ साली सुरू झालेल्या उत्खननात मातीच्या हजारो लेखविटा सापडल्या. त्यांपैकी काहींवर किक्कुली नावाच्या मितानी अश्वशिक्षकाने रथाचे घोडे तयार करण्याचा दिनक्रम सांगितला आहे. हा लेख सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचा आहे. कोणत्या दिवशी किती चालवावे, किती पळवावे, केव्हा धुवावे, किती दाणा द्यावा, हे सर्व त्यात आहे; आणि फेऱ्यांसाठी 'एक', 'पंझ', 'सत्त', 'नव' या आकड्यांना 'वर्तन' हा शब्द जोडलेला आहे. वर्तन म्हणजे वळण, फेरा. एक, पाच, सात, नऊ हे आपलेच आकडे नव्हेत काय? त्या दूर देशात घोड्यांची विद्या आपल्या भाषेच्या आप्तस्वकीय शब्दांत शिकविली जात होती!

जमिनीवरचा धडा पक्का झाला, की लगामाची पाळी येते. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी दांडी तेथे हिरडीवर टेकते. ती जागा अतिशय हळवी असते. म्हणून उतावळा हात लगाम हिसडतो, तेव्हा घोड्याला आज्ञा कळत नाही, केवळ वेदना कळते. चांगला स्वार बोटांच्या हलक्या ओढीने बोलतो आणि घोड्याने ऐकले, की ओढ तत्क्षणी सैल करतो. ती सैल झालेली ओढ हेच घोड्याचे बक्षीस होय. पुढे खोगीर येते. आधी पाठीवर नुसती घोंगडी, काही दिवसांनी मोकळे खोगीर, मग हळूहळू आवळलेला तंग, अशी पायरीपायरीने ही ओळख होते. शेवटी एखादा हलका स्वार पाठीवर पोट टेकून ओणवा होतो, उतरतो, पुन्हा ओणवा होतो. आणि घोडा शांत राहिला, तरच रिकिबीत पाय घालून मांड टाकतो. पहिली स्वारी मऊ जमिनीवर, मोकळ्या जागी आणि थोडाच वेळ करावी. शिंगरू मोठे दिसू लागले म्हणून घाई करू नये. त्याच्या पाठीची हाडे पक्की होण्यास पाच-सहा वर्षे लागतात; अकाली ओझ्याने पाठ कायमची बिघडते.

एवढे झाले, तरी शिक्षण संपत नाही. उरते ती भीती. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क याने अलेक्झांडरची एक कथा सांगितली आहे. त्याच्या वडिलांपुढे बुसेफॅलस नावाचा घोडा विक्रीस आला, पण तो कोणासही पाठीवर बसू देईना. मोठमोठे स्वार हरले. अलेक्झांडर तेव्हा लहान मुलगा होता. घोडा स्वतःच्याच सावलीला बुजतो आहे, हे त्याच्या ध्यानी आले. त्याने घोड्याचे तोंड सूर्याकडे वळविले, त्याला थोपटले आणि शांत होताच तो वर चढला. इतरांनी घोड्याचा खोडसाळपणा पाहिला; या मुलाने त्याच्या खोडसाळपणाचे कारण पाहिले. पुढे हाच घोडा त्याच्याबरोबर भारतापर्यंत आला आणि इ. स. पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी मरण पावला.

आपल्या गावात आज घोडा बहुधा लग्नाच्या वरातीत दिसतो. ढोल-ताशे, फटाके, दिव्यांचा झगमगाट आणि पाठीवर नवरदेव! या गर्दीत घोडा बुजून उधळला, तर लहान मुले पायांखाली सापडतील. म्हणून असा घोडा आधी दूरच्या वाद्यांना, मग जवळच्या वाद्यांना, हळूहळू सरावू द्यावा लागतो. मारून भीती जात नाही. उलट वाद्य आणि मार यांची घोड्याच्या मनात गाठ पडते आणि भीती दुप्पट होते. घोड्याची स्मरणशक्ती तीव्र असते. घाईने, माराने शिकविलेला घोडा पुढे अडतो, चावतो, स्वाराला पाडतो. मग त्याला 'अडेलतट्टू' ठरवून एका बाजारातून दुसऱ्या बाजारात विकतात. ज्या चुकीची शिक्षा तो भोगतो, ती चूक बहुधा त्याची नसतेच.

मराठ्यांच्या फौजेत या गोष्टीला केवढे मोल होते! स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराची चाकरी, मान आणि मुलाबाळांची भाकरी घोड्याच्या चार पायांवर उभी असे. असा घोडा रागाच्या भरात बिघडविणे त्याला परवडणारे नव्हते.

आपल्या विदर्भाशी जोडलेली एक कथा तर हेच सांगते. महाभारतात नळराजा बाहुक हे नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला होता. ऋतुपर्णाला एका दिवसात विदर्भातील कुंडिनपुरास पोचावयाचे होते. अमरावती जिल्ह्यातील वर्धाकाठचे कौंडिण्यपूर तेच, असे मानतात. हीच वर्धा नदी पुढे यवतमाळ जिल्ह्याची सीमा होते. बाहुकाने निवडलेले घोडे पाहून राजा साशंक झाला, कारण ते दिसावयास कृश होते. राजा रथावर चढताच घोडे गुडघ्यांवर खाली आले. तेव्हा बाहुकाने काय केले? त्याने चाबूक ओढला नाही. त्याने घोड्यांचे सांत्वन केले. त्यानंतर तेच घोडे वाऱ्यासारखे धावले आणि सायंकाळी रथ कुंडिनपुरात पोचला.

चाबूकस्वाराजवळ चाबूक असतो, पण तो बहुतेक वेळ त्याच्या काखेत असतो. घोड्याचे बळ माणसाच्या कितीतरी पट अधिक आहे. त्याने मनात आणले, तर कोणतीही दोरी त्याला अडविणार नाही. तरीही तो बोटाच्या हलक्या खुणेने वळतो, कारण त्या बोटांकडून आपला घात होणार नाही, अशी त्याची खात्री पटलेली असते. ती खात्री रोज थोडी थोडी मिळवावी लागते. आणि एका संतापाच्या क्षणात ती सगळी घालविता येते.

स्वाध्याय

१. घोडा मागून येणाऱ्या माणसाला लाथ का झाडतो?
२. नवा घोडा घरी आल्यावर पहिले काही दिवस त्याला कसे वागवावे?
३. 'इतरांनी घोड्याचा खोडसाळपणा पाहिला. या मुलाने त्याच्या खोडसाळपणाचे कारण पाहिले.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. शिलेदार आणि बारगीर यांतील फरक सांगा.
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : लगाम घालणे, मांड ठोकणे, घोडे पुढे दामटणे, वरातीमागून घोडे.
६. तुमच्या गावातील बैल, घोडा किंवा अन्य जनावर शिकविणाऱ्या जाणत्या माणसाला भेटून माहिती मिळवा व ती दहा ओळींत लिहा.