मागच्या फळीचा स्मॅश: आधी पाय पाहा

पाचोरा तालुक्यातल्या शालेय व्हॉलीबॉल सामन्यांना पंच म्हणून उभं राहिलं की एक तक्रार हमखास ऐकू येते, "सर, बॉल ते मझार पडना ना!" चेंडू खरंच आत पडलेला असतो, स्मॅशही कडक असतो. तरी गुण समोरच्यांना जातो, कारण मारणारा मागच्या फळीतला असतो आणि उडताना त्याचा पाय तीन मीटरच्या रेघेवर असतो.

एका निर्णायक सेटमध्ये 13-14 असताना हेच झालं. संघातला सगळ्यात उंच मुलगा दोन रोटेशनपूर्वी दोन नंबरवर होता, आता सहावर आला होता. बूस्ट, म्हणजे स्मॅशसाठी उचलून दिलेला चेंडू, नेटजवळ आला, तो सवयीनं धावला आणि मारला. सामना तिथेच संपला. मुलं मात्र चेंडू कुठे पडला यावरच भांडत राहिली.

नियम समजायला सोपा आहे. एक, सहा आणि पाच नंबरचे खेळाडू मागच्या फळीतले. त्यांनी रेघेच्या मागून उडी घेतली, तर कितीही उंचावरून मारावं. मारल्यावर पुढे उतरलं तरी चालतं. पण रेघ पुढच्या क्षेत्रातच मोजतात, म्हणून उडताना तिला नुसता बूट लागला तरी दोष. ती कोर्टाबाहेरही लांबलेली धरतात. बाजूनं वळसा घालून सुटका नाही. पुढच्या क्षेत्रातून मारायचंच असेल, तर हात लागताना चेंडूचा थोडा तरी भाग नेटच्या वरच्या कडेखाली हवा. नेट 2.43 मीटरचं असो की 2.24 चं, हिशेब तोच.

स्मॅश मारणाऱ्यापेक्षा जास्त फसतो तो मागच्या फळीतला बूस्टर. नेटजवळ उडी मारून तो दुसऱ्याच टचला ड्रॉप टाकतो. चेंडू पूर्ण नेटच्या वर असेल आणि पलीकडे गेला, तर दोष. कधी त्याचा बूस्टच नेटकडे सरकतो आणि समोरच्या ब्लॉकरचा हात लागतो. तेव्हाही आक्रमण पूर्ण झालं असंच धरतात. म्हणून बूस्टर मागे असेल तेव्हा पहिला पास नेटला चिकटवू नका, मीटरभर अलीकडे ठेवा.

सरावात दोन गोष्टी करा. प्रत्येक सर्व्हिसआधी मागच्या तिघांनी "मी मागे" असं मोठ्यानं म्हणावं. आणि रेघेवर फक्की जाड टाका. उडीनंतर बुटाला पांढरं लागलं की मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीवर फक्की टिकत नाही, तेव्हा खुंट्या ठोकून पट्टी ताणा. बूस्टरलाही सांगा, मागच्या फळीसाठी चेंडू नेटपासून दूर, रेघेकडे द्यायचा. बूस्ट पुढे गेला की मारणाऱ्याचे पाय त्याच्यामागे जातात.

सामन्याआधी रेघ नीट दिसते का, हे कर्णधारानं पाहावं. पुसट असेल तर पंचांना सांगावं. खेळ थांबलेला असताना संघाच्या जागा तपासून मागण्याचा आणि निर्णयाचं कारण विचारण्याचा त्याला हक्क आहे. पाच जणांनी मिळून आरडाओरडा केला तर ताकीद मिळते. एकट्या कर्णधारानं शांतपणे विचारलं, तर कोणता पाय कुठे पडला हे पंच सांगतात, आणि पुढची उडी वाचते.