मेंदूचे विद्युत्तरंग

वर्गात एखादी मुलगी वाचता वाचता मध्येच थांबते. डोळे उघडे, पण नजर शून्यात लागलेली. दहाएक सेकंदांनी ती पुन्हा वाचू लागते. मध्यंतरी काय घडले, हे तिला ठाऊकच नसते. गुरुजी रागावतात. परंतु मुलांनो, असे वारंवार घडत असेल, तर तो अपस्माराचा, म्हणजेच फेफऱ्याचा, एक प्रकार असू शकतो.

तो ओळखण्याचे साधन मेंदूनेच पुरविले आहे. मेंदूच्या पेशींत वीज खेळत असते. ती इतकी सूक्ष्म, की व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागते. जर्मनीतील येना येथील डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूचे हे तरंग प्रथम टिपले. खात्री पटेपर्यंत हा सावध मनुष्य पाच वर्षे गप्प राहिला! पुढे १९३५ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे गिब्स, डेव्हिस व लेनॉक्स यांनी अशा रुग्णांचे आलेख काढले. झटका येताच रेषा उसळे: एक टोकदार शिखर, मागोमाग एक गोल लाट, आणि असे सेकंदाला तीनदा.

आजही हीच खूण शोधतात. डोक्याला धातूच्या चकत्या चिकटवून मुलीला भराभर श्वास घ्यावयास सांगतात. त्याने दडलेला झटका बहुधा प्रकट होतो. बाहेरून वीज सोडीत नाहीत, त्यामुळे वेदना होत नाहीत. प्रकार नेमका कळला, की त्याला लागू पडणारे औषध देता येते. मात्र आलेख निर्दोष येऊनही अपस्मार असू शकतो. म्हणून डॉक्टर झटका पाहणाऱ्याला आधी विचारतात: नजर कशी होती? किती वेळ? हातपाय हलले काय?