दुकानातील वाट

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी मेम्फिस नावाचे शहर आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी तेथील किराणा मालाची दुकाने महाराष्ट्रातील वाण्याच्या दुकानाहून फारशी निराळी नव्हती. मध्ये एक लांब फळी. अलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे नोकर आणि नोकराच्या पाठीमागे छतापर्यंत रचलेला माल. गिऱ्हाइकाने जिन्नस सांगावा, नोकराने तो काढून, तोलून, बांधून द्यावा, असा रिवाज असे. एखादे गिऱ्हाईक बोलत उभे राहिले, की मागच्या साऱ्यांचा खोळंबा होई.

क्लॅरेन्स सॉन्डर्स हा गरीब घरातला मुलगा अशाच एका दुकानात लहानपणी नोकरीस लागला. पुढे घाऊक व्यापाऱ्याचा माल खपविण्यासाठी तो गावोगाव हिंडला. नोकरांचा पगार आणि गिऱ्हाइकांचा वेळ कसा वाया जातो, हे त्याच्या ध्यानात आले. मग ६ सप्टेंबर १९१६ रोजी त्याने मेम्फिसमध्ये नवे दुकान उघडले. त्याचे नाव होते ‘पिग्ली विग्ली’! असले विचित्र नाव का, असे कोणी विचारले, तर लोकांनी हेच विचारावे म्हणून, असे तो सांगे म्हणतात.

या दुकानात ती फळीच नव्हती. दाराशी फिरते फाटक होते. आत शिरताच टोपली हाती घ्यायची आणि चालू लागायचे. वाट एकच, ती मांडण्यांमधून नागाप्रमाणे वळणे घेत जाई. दोन्ही हातांना माल, प्रत्येक जिन्नसाखाली त्याचा दर. हवे ते स्वतः उचलावे आणि वाटेच्या शेवटी गल्ल्यावर पैसे देऊन बाहेर पडावे. या मांडणीचे एकस्व सॉन्डर्सला १९१७ साली मिळाले.

गिऱ्हाइकाला मोकळीक मिळाली खरी. पण केवळ मीठ घ्यायला आलेल्या बाईलाही साऱ्या मांडण्यांसमोरून जावेच लागे. मुरंब्याची बरणी दिसली, की हात पुढे होणारच! दुकानात आलेल्या प्रत्येकाने सारा माल पाहिलाच पाहिजे, हा सॉन्डर्सचा हेतू होता आणि तो त्याने लपविलाही नाही. शिवाय, अमुक साबण चांगला, असे सांगणारा नोकर उरला नव्हता. साहजिकच ते काम वेष्टनाच्या रंगाला व त्यावरील नावाला करावे लागले.

काही वर्षांतच या नावाची हजारावर दुकाने झाली. सॉन्डर्सने स्वतःसाठी गुलाबी संगमरवराचा वाडा बांधावयास घेतला. परंतु १९२३ साली शेअरबाजारातील झुंजीत तो हरला. दुकाने गेली, आणि अपुरा वाडाही गेला.

पुढे दुकानांची रचना पालटली. १९३० साली मायकेल कलन याने न्यूयॉर्क शहरात एका जुन्या मोटारखान्यात प्रशस्त दुकान थाटले. त्यात सजावट बेताचीच होती, पण दर कमी होते. १९३७ साली ओक्लाहोमा शहरात सिल्व्हन गोल्डमन याने चाकांची ढकलगाडी आणली. प्रथम लोक ती ढकलावयास लाजत. तेव्हा त्याने पगारी माणसे गिऱ्हाईक म्हणून दुकानात फिरविली. अशा मोठ्या दुकानांत नागमोडी वाट जाऊन समांतर वाटा आल्या. कोणत्याही वाटेने जावे, अडवणूक नाही. मात्र दूध बहुधा अगदी मागच्या भिंतीशी. शीतपेट्या मागून भरण्यास ती जागा सोयीची असते. आणि तेथवर जाता येता बरेचसे दुकान नजरेखालून जाते, ही सोय दुकानदाराची.

सॉन्डर्सही स्वस्थ बसला नव्हता. १९३७ सालीच त्याने ‘कीडूझल’ नावाचे यांत्रिक दुकान काढले. त्यात नमुने काचेमागे असत. गिऱ्हाइकाने किल्ली फटीत घातली, की जिन्नसाची नोंद होई, आणि माल सरकत्या पट्ट्यावरून गल्ल्यापाशी येई. चालण्याची यातायात नाही, टोपलीचे ओझे नाही! पण गर्दी झाली, की यंत्रे अडत. पुनःपुन्हा दुरुस्त करूनही जमेना. १९४९ साली ते कायमचे बंद पडले. सॉन्डर्स १९५३ साली वारला, तेव्हाही त्याच्या मनात आणखी एका यांत्रिक दुकानाचा बेत घोळत होता.

तो गुलाबी वाडा मेम्फिस शहराकडे गेला होता. त्याचे वस्तुसंग्रहालय झाले. सॉन्डर्स त्या वाड्यात कधीच राहिला नाही. पण त्याच्या पहिल्या दुकानाची प्रतिकृती तेथे उभारली गेली, फिरत्या फाटकासह आणि मालाने भरलेल्या मांडण्यांसह.