बास माशाची शिकार व आपले मत्स्यबीज

जलाशयात मत्स्यबीज सोडले म्हणजे मासे आपोआप वाढतील, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु सोडलेल्या बीजापैकी किती वाचेल, हे त्या पाण्यात आधीपासून असलेल्या भक्षक माशांवर बऱ्याच अंशी अवलंबून असते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात गळाने मासे धरणाऱ्यांचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे.

बास हा गोड्या पाण्यातील रुंद जबड्याचा भक्षक मासा होय. त्याची फ्लोरिडाकडील जात १९५९ साली दक्षिण कॅलिफोर्नियात आणण्यात आली. तेथील अनेक जलाशयांत थंडीच्या दिवसांत हौशी मासेमारीसाठी ट्राउट जातीचे मासे सोडतात. केंद्रात पोसलेले हे मासे मोठ्या बासच्या सहज तोंडी लागतात. आयते अन्न मिळाल्याने बास फार मोठा होतो. लॉस एंजेलिसच्या उत्तरेस असलेल्या कॅस्टेक जलाशयात मार्च १९९१ मध्ये सुमारे १० किलो वजनाचा बास मिळाला होता.

मोठा बास अनेक लहान भक्ष्यांमागे धावण्यापेक्षा एकच मोठा घास पसंत करतो. हे ओळखून तेथील लोकांनी ट्राउटसारखे दिसणारे, लाकडाचे किंवा मऊ प्लॅस्टिकचे आमिष तयार केले. ते १५ ते २५ सेंटीमीटर वा त्याहून लांब असते व ओढले असता खऱ्या माशाप्रमाणे अंग हलविते. त्यास ‘स्विमबेट’ म्हणजे पोहणारे आमिष म्हणतात. त्याच्या वापराचे नियम असे :

(१) आमिष त्या पाण्यातील भक्ष्याच्या आकाराशी व रंगाशी जुळणारे असावे.

(२) उथळ पाणी जेथे एकाएकी खोल होते, अशा जागी ते टाकावे.

(३) पहाटेची, सायंकाळची किंवा ढगाळ वेळ साधावी. वाऱ्याने पाणी हालत असता आमिषाचा खोटेपणा झाकला जातो.

(४) आमिष सावकाश व एकसारख्या गतीने ओढावे.

(५) काठी व दोर मजबूत असावेत.

एवढे करूनही कित्येक दिवस रिकाम्या हाताने परतावे लागते.

हा मासा आपल्याकडे आणावा, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. जपानमध्ये बासने स्थानिक माशांची हानी केल्यामुळे २००५ पासून तो पाळण्यास व सोडण्यास कायद्याने बंदी आहे. आपण घ्यावयाचा धडा निराळा आहे. आपल्या जलाशयांतील मरळ व शिवडा हेही भक्षकच आहेत. कटला, रोहू व मृगळ यांचे इवलेसे बीज सोडणे म्हणजे त्यांच्यापुढे ताट वाढून ठेवणे होय. यात सहकारी संस्थेचा पैसा आणि सभासदांचे वर्ष दोन्ही वाया जातात.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींवर कटाक्ष ठेवावा. बीज प्रथम संगोपन तळ्यात वा पिंजऱ्यात वाढवून, सुमारे १० सेंटीमीटर लांबीची बोटुकली झाल्यावरच जलाशयात सोडावे. सोडण्यापूर्वी जाळी टाकून मोठे भक्षक मासे शक्य तितके काढून घ्यावेत. सर्व बोटुकली एकाच ठिकाणी न ओतता, सकाळच्या थंड वेळी निरनिराळ्या काठांवर सोडावी. पाण्यात कोण कोणास खातो हे ज्याने ओळखले, त्याच्याच जाळ्यात पुढे मोठा मासा येतो.