तास ठरलेले नसतील तर बांधिलकी कोणाची?

सूरह अल्-कससमध्ये (आयत २२ ते २८) हजरत मूसा (अ.) यांच्या मदयन येथील वास्तव्याचा प्रसंग आला आहे. विवाहाची हकिकत म्हणून तो आपण सर्वांनी ऐकलेला असतो. परंतु फिकहच्या विद्यार्थ्याला त्यात मजुरीच्या कराराचा एक स्वच्छ नमुनाही दिसतो. मिसर सोडून आलेला परका तरुण. जवळ ना पैसा, ना ओळख, ना आसरा. त्याने दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजले, सावलीत जाऊन बसला आणि आपली गरज अल्लाहपाशी मांडली. थोड्याच वेळात त्यांच्या वडिलांचा निरोप आला, तो पाणी पाजल्याचा मोबदला देण्यासाठी. म्हणजे जी मजुरी ठरलीही नव्हती आणि मागितलीही नव्हती, ती प्रथम देऊ केली गेली. नोकरीची बोलणी त्यानंतर झाली.

त्या वृद्ध गृहस्थांनी (अनेक भाष्यकार त्यांना हजरत शुऐब (अ.) मानतात, कुरआनने मात्र नाव घेतलेले नाही) मुदत सांगितली ती आठ वर्षांची. दहा पूर्ण केलीस तर ती तुझ्या मर्जीने, मला तुझ्यावर कष्ट लादायचे नाहीत, अशा आशयाचे त्यांचे बोलणे होते. त्यावर हजरत मूसा (अ.) यांनी ठामपणे म्हटले की, या दोहोंपैकी कोणतीही मुदत मी पुरी केली तरी माझ्यावर अधिक काही लादले जाऊ नये, आणि अल्लाहला साक्षी ठेवले. समोरचा माणूस गरजवंत होता, ‘लागेल तेव्हा बोलावीन’ असे म्हटले असते तरी त्याने बहुधा नाकारले नसते. तरीही मुदतीची खालची मर्यादा मालकाने निश्चित केली आणि वरची वाढ मजुराच्या इच्छेवर सोडली.

आपल्याकडे आज नेमके याच्या उलट घडते. आपल्या घरांतील अनेक महाविद्यालयीन मुले-मुली शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी अर्धवेळ काम करतात. रमजानमध्ये कपड्यांच्या आणि चपलांच्या दुकानांत, लग्नसराईत केटरिंगवाल्यांकडे, एरवी बेकरीत, मेडिकलमध्ये, किंवा मोटारसायकलवर घरपोच माल पोहोचवण्यासाठी. दुपारी मोबाइलवर निरोप येतो, ‘चारला ये.’ मुलगा शेवटचा तास सोडून चारला पोहोचतो. गिऱ्हाईक नसते, म्हणून ‘जरा थांब’ सांगितले जाते. सातला ‘आज नको, घरी जा’. आणि हिशेबात त्या तीन तासांचा खाडा! दुसऱ्या दिवशी मात्र रात्री एकपर्यंत उभे राहावे लागते. मुलगी असेल तर त्या वेळी घरी परतायचे कसे, हा प्रश्न तिच्या आईवडिलांचा, मालकाचा नव्हे. महिनाअखेरीस हातात किती पडेल हे कोणालाच ठाऊक नसते. ‘कधीही बोलावणे येईल’ म्हणून दुसरे काम धरता येत नाही, आणि परीक्षेला बसण्यासाठी लागणारी ७५ टक्के उपस्थितीही भरत नाही.

देशाचा कायदा येथे फारसा मदतीला येत नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम दिवसाचे आणि आठवड्याचे जास्तीत जास्त तास सांगतो, जादा कामाला दुप्पट दर सांगतो. कमीत कमी किती तास द्यावेत हे सांगत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ॲपवर काम करणाऱ्यांची व्याख्या केली, परंतु तिचा विषय सामाजिक सुरक्षा आहे, कामाचे तास नव्हे. म्हणून शरीअत काय म्हणते हे पाहणे अधिकच अगत्याचे ठरते, विशेषतः जेथे मालक आणि कामगार एकाच सफमध्ये उभे राहतात तेथे.

मजुरीच्या कराराला फिकहमध्ये ‘इजारा’ म्हणतात. मजुरी माहीत असली पाहिजे, आणि काम किंवा कामाचा वेळ माहीत असला पाहिजे, ही त्याची मूलभूत अट. देशावरील बहुतेक हनफी आणि आपले कोकणातील शाफिई बांधव, दोघांच्याही मजहबमध्ये ती आहे. हनफी ग्रंथांत मजुरांचे दोन प्रकार सांगितले आहेत. शिंपी किंवा रंगारी अनेकांचे काम घेतो. तो ‘अजीर-ए-मुश्तरक’, आणि काम पुरे केल्यावर तो मोबदल्याचा हक्कदार होतो. जो ठरलेल्या वेळेसाठी एकाच मालकाच्या स्वाधीन होतो, तो ‘अजीर-ए-खास’. याच्याविषयी ‘हिदाया’मध्ये स्पष्ट नियम आहे: त्याने त्या मुदतीत स्वतःला हजर केले की मजुरी देय झाली, मग प्रत्यक्ष काम मिळो वा न मिळो. उदाहरण दिले आहे ते महिनाभर सेवेसाठी अथवा मेंढ्या राखण्यासाठी ठेवलेल्या माणसाचे.

आता चार ते सात बाकावर बसलेल्या त्या मुलाकडे पाहा. तो बोलावल्यावरून आला, दुकान सोडून जाण्यास मोकळा नव्हता. गिऱ्हाईक आले नाही हा धंद्याचा धोका आहे, आणि धंद्याचा नफा ज्याचा, धोकाही त्याचाच. ते तीन तास कापणे म्हणजे आपले नुकसान दुसऱ्याच्या खिशातून भरून काढणे. पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः फिर्यादी असेल, असे सहीह बुखारीतील हदीसमध्ये आले आहे. काम म्हणजे केवळ हातांची हालचाल नव्हे, विकत घेतलेला वेळही त्यात येतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दुकानदार बंधू म्हणतील, ‘मौलाना, आम्ही तासाचा दर ठरवला आहे, जितके तास तितके पैसे.’ हा युक्तिवाद टाकाऊ नाही. घरभाड्याच्या संदर्भात फुकहांनी असाच प्रश्न हाताळला आहे: एकूण मुदत न सांगता ‘दरमहा इतके’ असे ठरले, तर? हनफी उत्तर असे की करार एका महिन्यापुरता पक्का. पुढचा महिना सुरू झाला की त्या महिन्यापुरता. आणि प्रत्येक वेळी दोन्ही पक्ष मोकळे. याच न्यायाने केवळ तासाचा दर ठरला असेल, तर तास संपताच मालक जसा मोकळा, तसाच मुलगाही. मग तो परीक्षेमुळे आला नाही तर त्याच्यावर रागावता येणार नाही, दंड म्हणून मागची मजुरी अडवता येणार नाही, ‘दुसरीकडे जाऊ नकोस’ असेही म्हणता येणार नाही. त्याला बांधून ठेवायचे असेल तर तास ठरवावेत. तास ठरवायचे नसतील तर त्याला मोकळा सोडावा. मालकाला दोन्ही सवलती एकाच वेळी मिळाव्यात, अशी सोय इजाऱ्यात मला कोठे आढळत नाही.

‘बाजाराचा रिवाजच असा आहे,’ हेही ऐकू येते. उर्फला, म्हणजे रूढीला, फिकहमध्ये निश्चितच वजन आहे. जे न बोलता सर्वांना ठाऊक असते ते बोललेल्या अटीसारखेच मानले जाते. परंतु रूढीने काहीतरी निश्चित तर व्हावे! ‘मालकाच्या मनाला येईल तसे’ यातून काहीच ठरत नाही. ॲपवरील कामातही हाच पेच आहे. प्रत्येक पार्सलमागे पैसे, ही रीत ‘जुआला’शी, म्हणजे काम करून देणाऱ्यास जाहीर केलेल्या बक्षिसाशी, मिळतीजुळती आहे. शाफिई मजहबमध्ये तिला मुभा आहे. हनफी तिला फारच मर्यादित जागा देतात. पण जुआलात काम घेणे-न घेणे माणसाच्या इच्छेवर असते. पैसे नगावर आणि हुकूम मात्र नोकरासारखा, पार्सल नाकारले की शिक्षा, हे मिश्रण वेगळ्या विचाराचा विषय आहे. ज्यांच्यावर प्रसंग येईल त्यांनी तपशील घेऊन मुफ्तींकडे जावे.

मुलांच्या बाजूनेही दोन गोष्टी. ठरलेल्या वेळेत मोबाइल पाहत बसणे ही त्या मजुरीत खियानत आहे. फर्ज नमाजचा वेळ तुमचा हक्क आहे, त्याबद्दल मजुरी कापली जाऊ नये. परंतु मालकाच्या वेळेत त्याच्या परवानगीविना लांबलचक नफिल पढणे योग्य नाही.

राहिला प्रश्न बोलणी कशी करावी याचा. पुष्कळदा मालक नात्यातला मामू किंवा वडिलांचा मित्र असतो, म्हणून मुलगा विचारण्यास संकोचतो आणि घरचेही गप्प बसतात. सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लहान असो वा मोठा, लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नये असे सांगितले आहे; मजुरीची बोली लिहून ठेवण्यातही मग नात्याचा अपमान कसला? वडिलांनी पहिल्याच दिवशी सोबत जावे. आठवड्याचे किमान तास, बोलावून परत पाठवले तर काय, सुटण्याची वेळ, आणि पगाराची तारीख एवढे एका कागदावर उतरवावे. परीक्षेचे वेळापत्रक लागले की त्याची एक प्रत त्याच कागदाला जोडून द्यावी.